टांग टाक, गोदे!

“येऊ नको शेवंते! गाडी वळवू नको!” मी नाल्यात तोंड खुपसून ओरडत होते, आणि तू गाडी वळवलीस.

मला दिसत काहीच नव्हतं. डोक्यावरून पदर ओढून घेतला होता आणि पदरातूनही मधमाश्या चावत होत्या. एक कानात शिरली होती. पण तुझ्या फटफटीचा आवाज मला कळत होता. तो घाट उतरत चालला होता, बारीक होत चालला होता, आणि मला वाटलं, चला, ही तरी सुटली. मग आवाज एकाच जागी थांबला. मग मोठा व्हायला लागला. मी आणखी जोराने ओरडले. तू ऐकलं नाहीस. तू आयुष्यात माझं काय ऐकलंस?

तू गाडी माझ्या डोक्याशी आणून उभी केलीस आणि दंडाला धरून मला वर ओढलंस. वाफ्यातला मुळा उपटतात तशी.

“बस!”

मी सवयीप्रमाणे एका बाजूने टेकायला लागले. दोन्ही पाय डाव्या अंगाला, पदर सावरून. माश्या चावून राहिल्या आहेत, जीव जायची पाळी आहे, आणि मी पदर सावरून राहिले.

“टांग टाक, गोदे! टांग टाक!”

अडुसष्ट वर्षांत मी कोणत्याही गाडीवर टांग टाकून बसले नव्हते. त्या दिवशी बसले. साडी गुडघ्याच्या वर घेतली आणि बसले. तू म्हणालीस, “मले धर, अन् सोडजो नोको.” मी धरलं.

शेवंते, तुझी तेरवी होऊन चार दिवस झाले. अमरावतीला तुझ्या पोराच्या घराखाली तुझा मोठा फोटो लावला होता आणि त्याखाली लिहिलं होतं, ‘प्रेमळ, शांत, सोशिक माता’. मी चौथीपर्यंत शिकले, पण तेवढं वाचता येतं. तू शांत होतीस? बाजारात तुझ्या शेजारी तीस वर्षं भाजी घेऊन बसले मी. तुझ्या तोंडामुळे तीन दुकानदारांनी जागा बदलल्या. सोशिक तर नव्हतीसच. म्हणून हे लिहिते. तुझ्याबद्दल कोणी काहीबाही लिहून ठेवण्यापेक्षा, जे झालं ते मी लिहिलेलं बरं.

तू फटफटी शिकलीस ती हौस म्हणून नाही. साखरेच्या आजाराने तुझ्या मालकाचे डोळे गेले आणि पहाटे मळ्यातली फुलं अकोल्याच्या बाजारात पोचवायला कोणी उरलं नाही. तुझा पोरगा संजू अमरावतीला नोकरीवर. मग तू पुढे आणि मालक मागे, असं तुम्ही मळ्याच्या रस्त्यावर शिकायला लागलात. त्याला दिसत नव्हतं, पण इंजिनाचा आवाज ऐकून तो मागून सांगायचा, “आता दुसरा गेर टाक. रडून राह्यली थे.” आम्ही सगळ्या बांधावर बसून हसायचो. आंधळा शिकवतो आणि बुढी शिकते! महिनाभरात तू आमच्या अंगावर धूळ उडवून निघून गेलीस आणि आमचं हसणं बंद झालं.

लायसन काढायला गेलीस तेव्हा साहेबाने आठाचा आकडा काढून दाखवायला सांगितला. तू एकाच दमात काढलास. घरी येऊन म्हणालीस, “मले पाटीवर आठ काढता येत नाई, पण फटफटीनं काढला. सायबानं बरोबरची खूण केली.” आणि कपडे! सगळ्या बाया लुगडं सोडून गोल साडीवर आल्या आणि तू साडी सोडून परत नऊवारीवर गेलीस, कारण काष्टा घातला की गिअर टाकायला सोपं. लोक म्हणाले, शेवंताबाई जुन्या वळणाची. त्यांना काय माहीत.

मालक गेले तरी तू गाडी चालवतच राहिलीस. फक्त केसात फूल घालायचं सोडलंस. दिवसभर दुसऱ्यांसाठी गजरे करायचीस आणि स्वतःचा अंबाडा मोकळा. मी एकदा म्हटलं, “घाल ना वं एखादा, कोन पायते तुले?” तू म्हणालीस, “ज्याले वास याचा थो गेला.”  

पातूरच्या घाटात जायचं तुझ्याच डोक्यात आलं. फागुन लागला होता. तू एका सकाळी झेंडूचा ढीग समोर घेऊन बसली होतीस आणि एकदम म्हणालीस, “गोदे, मी जनमभर फुलं पाह्यली थे इकासाठी पाह्यली. लग्नाची, मयताची, देवाची. मले असं फूल पाहाचं हाये जे कोनी इकत घेत नाई.”

“म्हन्जे कोनतं?”

“पयस. घाटात सारा डोंगर पेटला असंन आता.”

पळसाचं नाव ऐकून मी म्हटलं, “पयसाले वास नसते. काय पाहाचं त्यात?”

“हाये वास. जवळ नाक नेलं तर येते.”

“नसते.”

“तुह्या नाकाले कांद्याशिवाय दुसरा वास कयतच नाई.”

हे भांडण आपलं आठ दिवस चाललं. बाजारातल्या बाकीच्या बाया कंटाळल्या. शेवटी निर्मला म्हणाली, “मायबाई, चला एकदाच्या, तठी जाऊन हुंगा दोघी.” निर्मला आपल्यात लहान, पन्नाशीची. मिरच्या-कोथिंबीर विकते, नवऱ्याची मोटरसायकल चालवते आणि कोणाच्या बापाला भीत नाही. चौथी रुखमा. तिच्याकडे मोपेड. वांग्यांची दोन पोती मागे लादून ती रोज बार्शीटाकळीकडून अकोल्याला येते आणि एकही वांगं दबू देत नाही.

जेवणाचं काय, यावरून परत भांडण. तू म्हणालीस, भाकर-ठेचा बांधून घेऊ, खाऊ आणि परत येऊ. मी म्हटलं, रानात जायचं आणि रोडगे करायचे नाहीत? मग घरीच बसलेलं काय वाईट? वऱ्हाडात चार माणसं झाडाखाली जमली की गोवऱ्या पेटल्याच पाहिजेत, कणकेचे रोडगे त्यात भाजलेच पाहिजेत, आणि वर तूप, वांग्याची भाजी. मी अडून बसले. तुमचा तिघींचा नाइलाज झाला. हे मी आधीच सांगून ठेवते. रोडगे माझे होते. गोवऱ्या माझ्या होत्या.

निघायच्या दिवशी सकाळी तू आलीस आणि मी पाहतच राहिले. अंबाड्यावर मोगऱ्याचा गजरा. हंगामातला पहिला मोगरा, अजून बाजारात नीट आलाही नव्हता.

“काय वं,” मी म्हटलं, “आज कोन आलं वास घ्याले?”

“मीच घेते,” तू म्हणालीस. “बस, उशीर होऊन राह्यला.”

उशीर झालाच. रुखमा गोवऱ्या बांधून, पातेलं टांगून गाडी सुरू करते न करते तोच शेजारणीने विचारलं, “कुठी चालल्या वं सगळ्या?” झालं! निघताना ‘कुठी’ विचारलं की काम नासतं. रुखमाने इंजिन बंद केलं, घरात गेली, पाटावर बसली, पाणी प्याली, पाच मिनिटं भिंतीकडे पाहिलं आणि मग परत निघाली. शेजारीण दारातून म्हणते, “मी तं सहज इचारलं.” रुखमा म्हणाली, “सहज इचाराचं अशीन तं ‘दूर चालली का’ इचारजो. अकलेचा पाऊस पडला तवा छत्री घेऊन उभी होती का तू?”

मग आपण निघालो. शेवंते, काय निघालो!

पुढे तू आणि मी, मध्ये रुखमा माझ्या गोवऱ्यांसकट, मागे निर्मला. गाव मागे पडलं आणि काळी रानं उघडली. हरभरा काढून झाला होता, खळ्यात मळणी यंत्र घरघरत होतं आणि भुसा वाऱ्यावर रस्त्यात येत होता. गहू पिवळा पडायला लागला होता. मधूनच एखाद्या आंब्याच्या मोहराचा वास यायचा, असा की तोंडाला पाणी सुटावं, आणि तो संपतो न संपतो तोच कडुलिंबाची कोवळी पालवी तांबूस चमकायची. रोज पहाटे अंधारात बाजाराला जाणारी आपण माणसं. आपल्याला रस्ता माहीत होता, पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काय आहे ते तीस वर्षांत उजेडात पाहिलंच नव्हतं.

तू गाडी पळवत होतीस. मी म्हटलं, “हळू.” तू म्हणालीस, “हळूच हाये.” मी म्हटलं, “माह्या पोटातलं पानी हालून राह्यलं.” तू म्हणालीस, “मंग रिकामं ठेवाचं होतं.” आणि मूठ आणखी पिळलीस. एक कापसाचा ट्रक पुढे होता. तू हॉर्न दिलास. त्याने वाट दिली नाही. तू परत दिलास. त्याने हात बाहेर काढून इशारा केला, आणि आपण त्याच्या बाजूने निघालो तेव्हा ड्रायव्हरने खाली वाकून पाहिलं. नऊवारी नेसलेली, गजरा माळलेली बुढी त्याच्या ट्रकाला मागे टाकून चालली होती. त्याचं तोंड उघडंच राहिलं. मी त्याला हात दाखवला. का दाखवला, माहीत नाही. मी तसल्यातली नव्हे. पण दाखवला, आणि आपण दोघी इतक्या हसलो की गाडी हलायला लागली.

मोठ्या मोटरसायकलींवरची, काळी जाकिटं घातलेली शहरातली पोरं मागून आली. त्यांतला एक आपल्या बाजूला येऊन ओरडला, “आजी, कुठे चालल्या?” मागून रुखमा किंचाळली, “अबे, ‘कुठी’ इचारू नोको!” ते बिचारं घाबरून मागे पडलं. तुला तर हसून हसून गाडी कडेला घ्यावी लागली.

पातूर सुटलं आणि घाट लागला. पहिल्याच वळणावर तू गाडी थांबवलीस. मागच्या दोघीही थांबल्या.  डोंगरावर एक पान नव्हतं. नुसता पळस. उतारावर, नाल्यात, दगडांच्या फटीत, जिथे पाहावं तिथे. मला लांबचं धुरकट दिसत होतं, पण एवढा लाल रंग धुरकट डोळ्यालाही दिसतो.

रुखमा म्हणाली, “कोनी पानीही देत नसंन या झाडायले.”

तू म्हणालीस, “म्हून तं.”

तू एका झाडाशी गेलीस, फूल तोडलं नाहीस, फांदीच खाली ओढलीस आणि नाक लावलंस. मग मला बोलावलंस. मीही लावलं. मला काही वास आला नाही. “नाई येत,” मी म्हटलं. तू म्हणालीस, “येते. तू खोटं बोलून राह्यली.” मी खोटं बोलत नव्हते, शेवंते. त्या वेळी तरी नाही. खोटं मी नंतर बोलले.

आणखी वर नाल्याच्या कडेला एक मोठा वड होता. मी म्हटलं, इथेच. सावली, दगड, खाली सपाट जागा, चुलीला आणखी काय पाहिजे? मी गोवऱ्या रचायला लागले. तू लांब गाडी लावत होतीस. तिथून ओरडलीस, “वर पाह्यलं का वं, गोदे?”

आता ऐक. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. वर्षभरापासून होता. मी कोणाला सांगितलं नव्हतं. भाजीवालीला काट्यावरचा आकडा दिसत नाही, हे गिऱ्हाइकाला कळलं की ती संपली. मी हाताच्या वजनाने अंदाज घ्यायची आणि काट्याकडे पाहिल्यासारखं करायची. त्या वडाच्या शेंड्यात काय आहे, हे मान मोडेपर्यंत पाहिलं असतं तरी मला दिसलं नसतं. आणि मी पाहिलंच नाही. खाली मान घालून म्हटलं, “हाव, पाह्यलं. पोपट बसले हायेत.”

पोपट! तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण मी पोपटही बसवले.

गोवऱ्या पेटल्या. धूर सरळ वर गेला. रुखमा कणीक मळत होती, निर्मला फोनवर आपले फोटो काढत होती, तू पदरात पळसाची गळलेली फुलं गोळा करून येत होतीस. वरून घरघर ऐकू आली. रुखमाने विचारलं, “इमान आलं का वं?” निर्मलाने वर पाहिलं आणि तिच्या हातातून फोन पडला.

आग्या मोहोळ. फांदीला खाटल्याएवढं लटकलं होतं आणि ते सुटलं होतं.

निर्मला ओरडली, “पया!” ती आणि रुखमा आपापल्या गाडीकडे धावल्या आणि सुटल्या. रुखमाचं पातेलं अजून मागे बांधलेलं होतं, त्याचा खणखणाट घाटभर ऐकू येत होता. तू गाडीकडे धावलीस. मी उलट बाजूला. दिशा कळलीच नाही मला. नाल्याच्या काठावरून पाय सरकला आणि मी पडले. तुला वाटलं मी निर्मलाच्या मागे बसले. वळणावर तुला त्या दोघी पुढे दिसल्या आणि मी कोणाच्याच मागे दिसले नाही. पुढचं वर लिहिलंच आहे.

मी टांग टाकून बसले आणि तू गाडी सोडलीस. असं उतरणं मी जन्मात पाहिलं नाही. वळणावर गाडी इतकी कलायची की माझा गुडघा रस्त्याला लागतो की काय असं वाटायचं, आणि एका बाजूने बसले असते तर पहिल्याच वळणाला दरीत गेले असते. माश्या मागे होत्या. तुझ्या मानेवर, कानावर बसलेल्या मला हाताला लागत होत्या. मी झोडपून काढत होते आणि तू ओरडत होतीस, “मले मारू नोको, मले धर!” पळस दोन्हीकडून लाल पट्ट्यासारखा जात होता. मी मोठ्याने ओरडत होते. भीतीने ओरडत होते, असं मी सगळ्यांना सांगितलं. तुला सांगायला हरकत नाही. भीती पहिल्या दोन वळणांपर्यंत होती. तिसऱ्या वळणाला मला मजा आली. अंगभर डंख, एक डोळा मिटलेला, साडी गुडघ्याच्या वर, आणि मला मजा आली. अशी मजा मला लग्नात आली नाही, पोरं झाली तेव्हा आली नाही.

घाट संपला. डाव्या हाताला कांद्याचं वावर होतं आणि त्यात तुषार चालू होते, पाण्याची कारंजी गोल गोल फिरत होती. तू एक क्षणही विचार केला नाहीस. धुऱ्याच्या बांधावरून उडी मारून फटफटी सरळ कांद्यात घातलीस आणि पाण्याखाली आपण दोघी गाडीसकट आडव्या झालो.

वावरवाला मोटरीच्या खोलीतून पळत आला. “ओ बुढ्या! कांद्यातून कुठी चालल्या?” मग त्याने आपली तोंडं पाहिली. तो आणखी दोन तुषारांच्या नळ्या आपल्याकडे वळवायला धावला. माश्या हळूहळू गेल्या. मग त्याने खिशातून आधार कार्ड काढलं आणि त्याच्या कडेने तुझ्या मानेवरचे काटे खरवडायला लागला. “चिमटीनं काढू नये,” तो म्हणाला, “इख आत जाते.” तू चिखलात बसून विचारलंस, “बापू, या कार्डावर तुहा फोटो हाये का?”

“हाये ना.”

“मंग बरं. आमच्यापेक्षा सुंदर कोनीतरी हाये अठी.”

तो खो खो हसला. मीही हसले. ओठ सुजले होते, हसताना रक्त आलं.

निर्मला आणि रुखमा दवाखान्यात आपल्या आधी पोचल्या होत्या. निर्मलाला पाच-सहा, रुखमाला दोन डंख, तेही पाठीवर. तुला सगळ्यांत जास्त. सुया झाल्या, सलाईन लागलं, आणि दुपारी अमरावतीहून संजू आला.

आता मी ज्यासाठी लिहायला बसले ते.

संजू तुझ्या खाटेशी उभा राहिला. घाबरला होता बिचारा, आणि घाबरलेला माणूस ओरडतो. “कसं झालं हे? कोणी काय केलं?” मी शेजारच्या खाटेवर होते. तोंड उघडायला मला एक श्वास पुरला असता. माझा एक डोळा उघडा होता आणि त्याने मी तुझ्याकडे पाहिलं. तू माझ्याकडे पाहिलंस. मग तू म्हणालीस, “माह्या मोगऱ्याच्या वासानं आल्या माश्या.”

संजूने तुझ्या अंबाड्याकडे पाहिलं. भिजलेला, चिखलाने भरलेला गजरा अजून तिथे होता. बाप जाऊन तीन वर्षं झाली आणि आई गजरा घालून फटफटीवर. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं. त्याने हात पुढे केला आणि म्हणाला, “किल्ली दे, आई.”

तू दिलीस. कमरेच्या पिशवीतून काढून दिलीस. आणि मी भिंतीकडे तोंड केलं.

पंधरा दिवसांत त्याने तुला अमरावतीला नेलं. वाईट नाही तो. तिसऱ्या मजल्यावर वेगळी खोली दिली, पंखा, टीव्ही. दोनदा मी तुला भेटायला आले. खिडकीतून तुला खालच्या उभ्या गाड्या दिसायच्या आणि कोणती कोणाची, कोणती नीट लावलेली नाही, हे तू मला सांगायचीस. म्हणायचीस, “पुढच्या फागुनात वरूडले जाऊ. माह्या माहेरी संत्रा फुलला की एका कोसावरून वास येते. तठी तुह्या नाकाले बोलता येनार नाई.” मी विचारायचे, “कशावर जाशीन?” तू म्हणायचीस, “पाहू.”

मी तेव्हा म्हणायला पाहिजे होतं, मी संजूला सांगते. सांगते की वर पाहिलं नाही ती मी, गोवऱ्या माझ्या, आणि तुझ्या आईने गाडी वळवली नसती तर आज माझ्या फोटोला हार असता. मी नाही म्हटलं. आधी डोळ्यांचं गुपित म्हणून नाही म्हटलं. दिवाळीनंतर माझं ऑपरेशन झालं, सगळं स्वच्छ दिसायला लागलं, गुपित संपलं, तरी नाही म्हटलं. इतके दिवस गप्प का, याचं उत्तर नव्हतं म्हणून आणखी गप्प राहिले. ऑपरेशननंतर तू फोनवर एकच विचारलंस, “आता पोपट दिसते का वं?” आणि हसलीस. म्हणजे तुला माहीत होतं. दवाखान्यातही माहीत होतं. मग का गं घेतलंस अंगावर? हे मला विचारायचं होतं. माघात तू झोपेतून उठलीच नाहीस, आणि आता कोणाला विचारू?

तेरवीला सगळे जेवत होते. तुझी एक नणंद म्हणाली, “त्या गजऱ्याच्या हौसेनंच खाल्लं शेवंतेले. थ्या माश्यांपासूनच तब्येत उतरली.” दोन-चार बायांनी माना डोलावल्या. माझ्या हातात वरणाची वाटी होती. मी ती खाली ठेवली.

“माश्या मोगऱ्यानं नाई आल्या,” मी म्हटलं. “माह्या धुरानं आल्या. शेवंतेनं इचारलं होतं, वर पाह्यलं का. मी खोटं बोलली. मले दिसतच नव्हतं.”

 रुखमा माझ्याकडे पाहत राहिली. निर्मलाने तोंडाला पदर लावला. मग मी बाकीचंही सांगितलं, नाला, वळण, टांग टाक, कांदे, सगळं. सांगता सांगता माझा आवाज चढला. लोकांना वाटलं असेल बुढीला वेड लागलं, तेरवीच्या पंगतीत हात हलवून घाट उतरून दाखवते.

संजू पंगतीला वाढत होता. भांडं हातात घेऊन तो पूर्ण ऐकेपर्यंत उभा राहिला. मग म्हणाला, “मावशी, तुम्ही तेव्हा सांगितलं असतं तरी मी किल्ली दिली नसती. मी घाबरलो होतो.”

खरं असेल. मला बरं वाटावं म्हणून म्हणाला असेल. दोन्ही असेल. पण मी सांगितलं असतं तर निदान त्याला निवडावं तरी लागलं असतं, घाबरट पोरगा व्हायचं की तुझा पोरगा. ते मी त्याला निवडू दिलं नाही. ते माझ्याकडे आहे आणि माझ्याकडेच राहील. रडण्याने ते कमी होत नाही, म्हणून मी रडत नाही.

तो मला खाली सोडायला आला. पायऱ्या उतरताना विचारलं, “आईनं खरंच ट्रकाला मागे टाकलं?”

“हाव,” मी म्हटलं. “कापसाचा होता. गच्च भरलेला.”

तो तिथेच पायरीवर बसला. मी थांबले नाही, मला अकोल्याची गाडी धरायची होती.

नणंद अजून म्हणत असेल, माश्यांनी नेलं. म्हणू दे. इथे नीट लिहून ठेवते. पातूरच्या घाटात त्या फागुनात आपण चौघी होतो. वडाखाली धूर मी केला आणि वर मी पाहिलं नाही. सुटलेली असताना गाडी वळवून तू परत आलीस. निर्मला वाचली. रुखमा वाचली. मी वाचले. आणि तूही वाचली होतीस.